दोन रुपयांचे मंत्री

आज बुऱ्हाणपूरच्या माणसाचे सरकारदरबारी काही अडले की तो भोपाळची वाट धरतो. आपल्या आजोबा-पणजोबांची राजधानी मात्र नागपूर होती. इथून भुसावळला जायचे, तिथे गाडी बदलायची आणि अकोला, बडनेरा, वर्धा करीत नागपूर गाठायचे. 1860 च्या सुमारास हे शहर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे निमाड जिल्हा मध्यप्रांतात घातला गेला, 1903 साली वऱ्हाड त्या प्रांताला जोडले गेले, आणि 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बुऱ्हाणपूरचा कारभार नागपुरातून चालला. जवळजवळ शंभर वर्षांचा हा संबंध. तरी बुऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की आपल्या बोलण्यात फारुकी सुलतान येतात, मुमताजमहल येते, कुंडी भंडारा येतो, राघोबादादा येतात. नागपूरची शंभर वर्षे राहून जातात.

त्या शंभर वर्षांतला एक प्रसंग यंदाच्या स्मरणिकेत सांगायचे आम्ही ठरवले. तो कौन्सिलातल्या मतदानाचा आहे. मार्च 1924 मध्ये नागपूरच्या कायदे कौन्सिलाने आपल्या प्रांताच्या मंत्र्यांचा पगार दोन रुपये ठरवला. महिन्याला नव्हे, वर्षाला. साऱ्या हिंदुस्थानात त्याची चर्चा झाली.

आपल्याकडे निवडणूक आली की उमेदवाराची जात निघते, त्याने रस्ता केला की नाही हे निघते, लग्नकार्याला आला होता की नाही हेही निघते. सरकारच्या हातात जास्त अधिकार देणारा कायदा सभागृहात आला तेव्हा त्याने मत कुठे टाकले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. 1924 साली नागपुरात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नव्हते.

आधी मंत्री म्हणजे त्या वेळी काय, हे पाहू. 1919 च्या सुधारणा कायद्याने प्रांताच्या कारभाराचे दोन भाग केले. एकाला राखीव खाती म्हणत, दुसऱ्याला सोपीव खाती. राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. सोपीव खाती मंत्र्यांकडे आली, आणि हे मंत्री निवडून आलेल्या सभासदांतले असायचे. एका घरात दोन चुली, म्हणून या पद्धतीला द्विदल राज्यपद्धती असे नाव पडले.

बुऱ्हाणपूरच्या चौकात उभे राहून पाहिले तर ही वाटणी लगेच कळते. नगरपालिका मंत्र्याची, पोलीस चौकी गव्हर्नरची. शाळा मंत्र्याची, तहसील कचेरी गव्हर्नरची. दवाखाना मंत्र्याचा, तुरुंग गव्हर्नरचा. दारूचे दुकान मंत्र्याचे आणि दारू पिऊन मारामारी झाली की ज्या कोर्टात जायचे ते गव्हर्नरचे. शेतकी खाते मंत्र्याकडे, पण पाटबंधारे आणि शेतसारा गव्हर्नरकडे. उद्योग खाते मंत्र्याकडे, पण ताप्ती मिलसारख्या कारखान्यात कामाचे तास किती आणि यंत्रांची तपासणी कोण करणार, हा कारखान्यांच्या कायद्याचा भाग गव्हर्नरकडे. सातपुड्याचे जंगलही राखीवच. मद्रास प्रांतातले एक मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी आपली स्थिती सांगताना म्हटले होते की आपण शेतीचे मंत्री आहोत पण पाटबंधारे आपल्याकडे नाहीत, उद्योगांचे मंत्री आहोत पण कारखाने आपल्याकडे नाहीत. नागपूरच्या मंत्र्यांनाही हेच म्हणता आले असते.

आणि तिजोरी? अर्थ खाते राखीव. शाळा काढायची तर मंत्र्याने योजना करायची आणि पैशासाठी गव्हर्नरच्या माणसाकडे जायचे. शिवाय मंत्र्याच्या सल्ल्याने गव्हर्नरने चालावे, पण पुरेसे कारण वाटल्यास तो सल्ला बाजूस ठेवावा, अशी मुभा कायद्यातच होती. लोकांसमोर जबाबदार मंत्री आणि अखेरचा शब्द गव्हर्नरचा, असा हा मामला होता. पाणीपट्टी वाढली की लोक मंत्र्याला शिव्या देणार.

या कायद्यात एक छोटी खिडकी मात्र उघडी होती. कार्यकारी मंडळाच्या सभासदाचा पगार कौन्सिलाच्या मतावर अवलंबून नव्हता. तो ठरलेला, त्याला हात लावता येत नसे. मंत्र्याच्या बाबतीत वेगळे लिहिले होते. कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतकाच पगार मंत्र्याला मिळावा, पण कौन्सिलाने मत देऊन त्याहून कमी ठरवला असेल तर तो कमी पगार. मंत्री लोकप्रतिनिधींना जबाबदार आहेत हे दाखवण्यासाठी विलायतेतल्या कायदेपंडितांनी ही तरतूद घातली. नागपूरच्या सभासदांनी ती अक्षरशः घेतली.

आता माणसांकडे येऊ. 1920 च्या असहकारात काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे पहिले कौन्सिल नेमस्त मंडळींचे झाले. चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला, गांधीजी तुरुंगात गेले, आणि 1923 च्या आरंभी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात शिरायचे आणि आतून ते बंद पाडायचे, असा त्यांचा बेत होता. महाराष्ट्रात आणि नागपूर-वऱ्हाडात टिळकांच्या अनुयायांना हा बेत पटला. बहिष्कार त्यांना मनापासून कधी पटलाच नव्हता. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, उरलेल्यासाठी भांडावे आणि सरकारच्या वागण्याप्रमाणे आपले वागणे ठेवावे, हा लोकमान्यांचा प्रतियोगी सहकाराचा विचार त्यांच्या अंगात मुरलेला होता. सार्वजनिक गणपती ज्यांच्या प्रेरणेने आपल्या घरांतून मांडवात आला, त्यांचेच हे शिष्य.

नोव्हेंबर 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला स्वच्छ बहुमत मिळाले ते फक्त आपल्या मध्यप्रांतात. बंगालात दासांना इतरांना बरोबर घ्यावे लागले, मुंबईत ते जमले नाही. नागपुरात मात्र सुमारे 70 जणांच्या कौन्सिलात निवडून आलेले 54, आणि त्यांच्यात स्वराज्यवाद्यांची फळी इतकी भक्कम की सरकारनियुक्त सभासद सगळे एका बाजूला बसले तरी पुरे पडत नसत. मतदानाचा हक्क त्या वेळी थोड्याच लोकांना होता, सारा किंवा कर भरणाऱ्यांना. तरी त्या थोड्यांनीही सरकारच्या विरुद्ध कौल दिला, हे इंग्रजांना झोंबले.

कौन्सिलातल्या या पक्षाचे नेते डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. जन्म 1872 चा, बिलासपूरचा. व्यवसाय नागपुरात, डोळ्यांचे डॉक्टर. टिळकांचे जुने सहकारी, बोलायला रोखठोक. पुढच्या काळात ते हिंदुमहासभेचे पुढारी म्हणून आणि नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यांच्या कौन्सिलातल्या या वर्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. आमच्या मते त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातली ही सर्वांत रंजक वर्षे आहेत.

गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी रीतीप्रमाणे बहुमतवाल्या पक्षाला मंत्रिपदे देऊ केली. मुंजे यांनी ती नाकारली. पक्षाचे वचनच तसे होते. मग गव्हर्नरने शंकर माधव चिटणवीस आणि सय्यद हिफाजत अली यांना मंत्री केले. चिटणवीस नागपूरच्या मोठ्या घराण्यातले, आधीच्या कौन्सिलातही मंत्री. दोघांच्या मागे कौन्सिलात बहुमत नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि गव्हर्नरलाही.

जानेवारी 1924 मध्ये कौन्सिल भरले आणि मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव मोठ्या मतांनी मंजूर झाला. आज असा ठराव मंजूर झाला तर संध्याकाळपर्यंत राजीनामा राजभवनात पोचतो. तेव्हा तसे बंधन नव्हते. मंत्री जागेवर राहिले. अविश्वास व्यक्त करून भागत नाही हे लक्षात आल्यावर स्वराज्यवाद्यांनी मार्चच्या अंदाजपत्रकाची वाट पाहिली. एकेक मागणी मांडली जाई आणि एकेक नामंजूर होई. मंत्र्यांच्या पगाराची मागणी आली तेव्हा तो प्रत्येकी वर्षाला दोन रुपये करावा, असे मत पडले.

शून्य का नाही, दोनच का? आम्हाला वाटते, यात वकिली डोके होते. कायद्यात शब्द होते कमी पगाराचे. शून्याला पगार म्हणायचे का, असा वाद कोणी कोर्टात काढू शकला असता. बंगालात पगाराची मागणी साफ फेटाळली गेली आणि तिथे प्रकरण पुढे कलकत्त्याच्या हायकोर्टापर्यंत गेलेही. दोन रुपयांवर मात्र कोणाला बोट ठेवता येणार नाही. दोन रुपये हा पगारच, आणि तो कमी आहे याबद्दल कोणाचे दुमत असायचे कारण नाही. त्यातली थट्टा लोकांनी ओळखली.

मंत्र्यांनी राजीनामे दिले. आता पुढे काय झाले ते नीट पाहायला हवे, कारण या प्रसंगाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

राखीव खात्यांचा पैसा कौन्सिलाने नाकारला होता. गव्हर्नरने आपल्या विशेष अधिकाराने तो परत मंजूर करून घेतला. पोलीस, तुरुंग, महसूल यांचे एक चाकही थांबले नाही. सोपीव खात्यांच्या बाबतीत त्याचा अधिकार थोडा आखूड होता, तेव्हा तिथे आदल्या वर्षीच्या मानाने खर्च चालू ठेवला गेला. म्हणजे चालू शाळा चालू राहिल्या, नव्या निघायच्या त्या राहिल्या. दवाखान्यांचे, आरोग्याचे, नगरपालिकांच्या अनुदानाचे तेच. मंत्री उरले नाहीत म्हणून सोपीव खातीही गव्हर्नरनेच आपल्याकडे घेतली. 1926 अखेरच्या निवडणुकीपर्यंत प्रांतात मंत्री नव्हते. जे अधिकार अर्धेमुर्धे का होईना लोकांनी निवडलेल्या माणसाकडे आले होते, ते लोकांनी निवडलेल्यांच्याच मताने गव्हर्नरकडे परत गेले.

याचा अर्थ ते मत चुकीचे होते असा आम्ही लावत नाही. बिनअधिकाराचा मंत्री हा गव्हर्नरच्या अंगावरचा अंगरखा असतो; तो उतरवला की आतला माणूस दिसतो. नागपूरच्या मताने तो दिसला. त्याच साली सरकारने सर अलेक्झांडर मडिमन यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा कशा चालल्या आहेत हे पाहायला समिती नेमली, आणि तिच्यातल्या चार हिंदी सभासदांनी वेगळा अहवाल लिहून सांगितले की हा द्विदल प्रकार मुळातच चालण्यासारखा नाही. या चौघांत सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जिना यांच्या जोडीला आपले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते. परांजपे नेमस्त, स्वराज्यवाद्यांच्या अडवणुकीचे विरोधक, आणि मुंबई प्रांतात स्वतः शिक्षणमंत्री राहिलेले. ज्याने ती खुर्ची तीन वर्षे वापरली, त्यानेच ती मोडकी असल्याचे लिहून दिले. मुंजे आणि परांजपे यांची तोंडे एरवी दोन दिशांना, पण मंत्र्याच्या अधिकाराबद्दलचा त्यांचा निष्कर्ष एकच निघाला.

पण पहिला धक्का देणे आणि तीन वर्षे तोच धक्का देत राहणे यांत फरक आहे. मंत्रीपद पोकळ आहे हे एकदा सिद्ध झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सिद्ध करायला काय उरले होते? शाळेचे पैसे अडकले ते लोकांचे. गव्हर्नरचे काहीच अडकले नाही. उलट विचारायला मंत्री नसल्याने त्याचा कारभार सोपा झाला. ही गोष्ट स्वराज्य पक्षातल्या मंडळींनाही कळत होती. नागपूर-वऱ्हाडात, जिथे पक्षाचे बहुमत होते आणि म्हणून रोज त्याचे परिणाम दिसत होते, तिथे ती आधी कळली. त्यातून तांबे प्रकरण घडले.

श्रीपाद बळवंत तांबे अमरावतीचे वकील, स्वराज्य पक्षाचे वऱ्हाडातले वजनदार पुढारी. त्यांच्या निवडीत एक गंमत होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला. त्यामुळे वऱ्हाडातले लोक आधी आपला प्रतिनिधी निवडायचे आणि मग गव्हर्नर त्याला कौन्सिलावर नेमल्याचा हुकूम काढायचा. 1925 मध्ये कौन्सिलाने तांबे यांना आपले अध्यक्ष निवडले. पक्षाचा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, आणि पक्षाने त्याला हरकत घेतली नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा रिकामी झाली. तिथे आधी सर मोरोपंत जोशी होते, तेही अमरावतीचेच, पण नेमस्त. नवे गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी ही जागा तांबे यांना देऊ केली आणि तांबे यांनी ती घेतली.

वाचकांनी इथे मघाची पगाराची कलमे आठवावीत. ज्या पक्षाने मंत्र्यांना वर्षाला दोन रुपये ठरवले, त्या पक्षाचा पुढारी आता ज्या खुर्चीत बसला तिच्या पगाराला कौन्सिलाला हातही लावता येत नव्हता. मंत्र्यावर अविश्वास दाखवता येई. कार्यकारी मंडळाच्या सभासदाला कौन्सिल काही करू शकत नसे. त्याच्याकडे खाती राखीवच. मंत्रीपद पोकळ म्हणून लाथाडले, आणि ज्या खुर्चीत खरा अधिकार होता व जिला लोकांचे बंधन नव्हते, ती मात्र घेतली. मोतीलाल नेहरू संतापले नसते तरच नवल. पण तांबे यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, आणि न. चिं. केळकर व बॅ. मुकुंदराव जयकर यांनी ते बोलून दाखवले. विठ्ठलभाई पटेल दोनच महिन्यांपूर्वी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले होते. मोतीलाल स्वतः सरकारच्या स्कीन समितीवर बसले होते. ते चालते तर हे का चालू नये? आणि अधिकार जर खरोखर राखीव खात्यांतच असेल, तर तो आपल्या माणसाच्या हातात आलेला वाईट का?

वाद चिघळला. मोतीलालांनी महाराष्ट्रातल्या शाखेबद्दल सडलेला अवयव कापून काढण्याची भाषा केली. केळकर, जयकर आणि मुंजे यांनी स्वराज्य पक्ष सोडला, आणि फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. नाव लोकमान्यांच्या शब्दावरूनच घेतलेले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मंत्रीपद नाकारणारे मुंजे आता मंत्रीपद घ्यावे असे म्हणणाऱ्यांत होते. त्यांच्या विरोधकांनी याला कोलांटउडी म्हटले. आम्हाला तसे वाटत नाही. मुंजे 1923 साली वचन देऊन निवडून गेले होते, ते त्यांनी पाळले. मत बदलल्यावर पक्ष सोडला आणि नव्या पक्षाच्या नावाने लोकांसमोर गेले. आजच्या हिशेबाने ही सभ्यताच म्हणायची.

1926 च्या निवडणुकीनंतर मंत्री पुन्हा नेमले गेले, ई. राघवेंद्रराव आणि रामराव देशमुख. बिलासपूरचे राघवेंद्रराव हे एके काळी मुंजे यांच्याच बरोबरीने स्वराज्य पक्षात होते. बटलर रजेवर गेले तेव्हा 1929 मध्ये तांबे यांनी प्रांताचे हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिले. 1936 मध्ये तोच मान राघवेंद्ररावांकडे आला. गव्हर्नरचे अधिकार मोडायला निघालेल्या पक्षातून दोन हंगामी गव्हर्नर निघाले, ही गोष्ट आमच्या पाहण्यात फारशी कोणी सांगितलेली नाही.

पुढे 1935 च्या कायद्याने प्रांतांतली द्विदल पद्धत गेली आणि सर्व खाती मंत्र्यांकडे आली, गव्हर्नरच्या खास जबाबदाऱ्या तेवढ्या राहिल्या. जुलै 1937 मध्ये डॉ. नारायण भास्कर खरे आपल्या प्रांताचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मग प्रश्न उलटा झाला. मंत्र्यांना अधिकार मिळाले, पण मंत्रिमंडळात अधिकार कोणाचा? महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांच्याशी खऱ्यांचे पटेना. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी स्वतः राजीनामा देऊन सर्वांकडे राजीनामे मागितले. हे तिघे देईनात, तेव्हा गव्हर्नर वायली यांनी त्यांना दूर केले आणि खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ बसवले. काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्याला होती. दोनतीन दिवसांत खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल पंतप्रधान झाले.

या भांडणात बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाची मोठी पंचाईत होती. काँग्रेसने आपल्या प्रांताचे भाषेप्रमाणे तीन भाग केले होते, महाकोशल, नागपूर आणि विदर्भ, आणि निमाड जिल्हा महाकोशलात येई. भाषेने आपण खऱ्यांच्या बाजूचे, जिल्ह्याने शुक्लांच्या. खऱ्यांवर अन्याय झाला असे मराठी वर्तमानपत्रे लिहीत राहिली. खऱ्यांनी गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना काढवले असे हिंदी वर्तमानपत्रे लिहीत राहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात लक्षात घेण्यासारखे एकच आहे: पंतप्रधानाला सहकारी मंत्र्याला काढण्याचा अधिकार आहे का, हा एवढा मोठा प्रश्न, आणि त्यावर विधानसभेत मत पडलेच नाही. तो नागपूरच्या गव्हर्नरच्या बंगल्यावर आणि वर्ध्याच्या बैठकीत सुटला. 1924 साली निदान सभासदांनी सभागृहात उभे राहून आपापली मते नोंदवली होती.

आपल्या शेजारच्या होशंगाबादचे खासदार राहिलेले हरी विष्णू कामत यांचे नाव इथे घ्यायला हवे. मूळचे मंगळूरचे, आय. सी. एस. होऊन याच प्रांतात कलेक्टर झालेले, आणि 1938 साली नोकरी सोडून राजकारणात उतरलेले. मध्यप्रांत व वऱ्हाडातर्फे ते घटना समितीत होते. ऑगस्ट 1949 मध्ये आणीबाणीची कलमे चर्चेला आली तेव्हा कामतांनी जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला दिला. तिथल्या अशाच एका कलमावरून हिटलरची वाट मोकळी झाली, तेव्हा सरकारच्या हाती इतका अधिकार देऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. कलम मंजूर झाल्यावर हा दिवस दुःखाचा आणि लाजेचा आहे असे ते सभागृहातच म्हणाले. सव्वीस वर्षांनी, 1975 मध्ये, त्याच कलमांखाली आणीबाणी आली आणि कामत तुरुंगात गेले. 25 जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली; मंत्रिमंडळाला ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने म्हणूनच असे लिहून ठेवले की मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. मंत्र्यांचे अधिकार कमी करण्यासाठी नव्हे, तर सगळ्या मंत्र्यांना विचारले जावे यासाठी केलेली ही दुरुस्ती आहे. 1924 च्या चष्म्यातून पाहिले तर तिचे मोल कळते. एकट्याच्या हातात जाणारा अधिकार तिने अनेकांच्या हातात परत आणला.

मुंजे, तांबे, कामत या तिघांची मते पाहताना एक प्रश्न आम्ही प्रत्येक वेळी विचारत गेलो: मत पडल्यावर अधिकार कोणाकडे गेला? 1924 च्या ठरावाने मंत्र्याकडून घेतला, तो गव्हर्नरकडे गेला. तांबे यांनी घेतला, तो कौन्सिलाच्या आवाक्याबाहेर गेला. कामतांनी नाकारला, तो तरीही दिल्लीच्या सरकारकडे गेला, पण त्यांचे नाव विरोधात राहिले. निव्वळ बाजूने की विरुद्ध, एवढेच मोजले तर मुंजे अधिकारविरोधी आणि परांजपे अधिकारवादी ठरतील, आणि दोन्ही शिक्के चुकीचे असतील.

आज हा हिशेब मांडणे अवघड झाले आहे. विधानसभांत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. होय म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा वाटला की काम झाले. त्यात कोण होय म्हणाले आणि कोण गप्प बसले, याची नोंद कुठेच होत नाही. नावानिशी मतविभागणी हवी असेल तर कोणीतरी उठून ती मागावी लागते. घटनादुरुस्तीला मात्र संसदेत ती व्हावीच लागते, म्हणून खासदाराची काही मते तरी कागदावर सापडतात. 1985 पासून पक्षांतरबंदी आली, त्यामुळे व्हिप निघाला की सभासदाने स्वतःचा विचार केला काय आणि न केला काय, मत तेच. सत्तांतराच्या वेळी मंत्रिपदांची खैरात वाढली तेव्हा 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणून ठेवली. मंत्रीपद आज इतके भारी झाले आहे की त्याची संख्या घटनेला मोजावी लागते. दोन रुपयांपासून इथपर्यंतचा हा प्रवास आहे.

नागपूर कौन्सिलाच्या त्या काळच्या बातम्या केसरीत आणि गोपाळराव ओगले यांच्या नागपूरच्या 'महाराष्ट्र' पत्रात भरपूर येत असत, आणि हे अंक रेल्वेने बुऱ्हाणपूरलाही पोचत. 1925 पासून खंडव्याहून माखनलाल चतुर्वेदींचे 'कर्मवीर' निघे, त्याचेही वाचक आपल्याकडे पुष्कळ. आपल्या सभासदांपैकी काहींची घरे जुनी आहेत, माळ्यावर पेट्या आहेत. त्यांत 1923 ते 1926 या काळातले अंक, कात्रणे, निवडणुकीची पत्रके किंवा कोणाला आलेली पत्रे असतील तर विसर्जनापूर्वी मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावीत. कागद जपून हाताळू, छायाप्रत काढून घेऊ आणि मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.